पूर्वजाच्या पायांची भुकटी

१

मोंबासाकडच्या म्बुयुनी गावच्या संग्रहालयात चोरी झाली, आणि चोरीला गेलं काय, तर मूठभर भुकटी.

फौजदार जुम्वा केंगा मागच्या खोलीत उकिडवी बसून ते लाकूड पाहत होती. माणसाएवढी उंच, हातभरही रुंद नसलेली फळी. वर वाटोळं डोकं, अंगभर त्रिकोणांची नक्षी, गळ्याला नि कमरेला लाल, पांढऱ्या, काळ्या कापडाच्या पट्ट्या. थोया वा बायाचा, म्हणजे बायाचा मुलगा थोया याचा किगांगो, मेलेल्या पूर्वजासाठी रोवतात तो खांब. थोया मेला तेव्हा पोरांनी अंगणात रोवला, म्हणजे म्हाताऱ्याला घरात उठबस राहावी. पुढे कोणीतरी तो रातोरात उपटून विकला. समुद्रापलीकडच्या कुठल्याशा संग्रहालयात तो साठ वर्षं काचेआड उभा राहिला, आणि गेल्या पावसाळ्यात बँड वाजवत, भाषणं ठोकत परत आला. पण थोयाचं अंगण आता कुणाच्या अननसाच्या मळ्याखाली होतं ते कुणालाच नक्की सांगता येईना. म्हणून तो तात्पुरता इथे ठेवला. आपल्याकडे तात्पुरतं ठेवलेलं किती वर्षं राहतं ते सांगायला नको.

पाठीमागून, अगदी पायाशी, दोन तळव्यांएवढी जागा खरवडली होती.

"अफांडे, हसू नका," पोलीस अधिकाऱ्यांसाठीची हाक मारत संग्रहालयाचा रखवालदार-कम-अधिकारी न्झाई टिंगा म्हणाला. सगळं संग्रहालय त्याचं एकट्याचंच होतं.

"मी कुठे हसतेय?"

"तुमचा शिपाई हसला बाहेर."

"मझे न्झाई," जुम्वा वडीलधाऱ्याशी बोलावं तसं म्हणाली, "बकरी गेली तर मी पळते, नारळ गेले तर पळते. भुकटीसाठी कुठल्या कलमाखाली पळू ते तरी सांगा."

न्झाई खोक्यावर टेकला. साठीचा माणूस, एके काळी शाळेत कवायत घ्यायचा, आता सदरा अंगावर खुंटीवर टांगल्यासारखा लोंबत होता. त्याने तांब्या तोंडाला लावला, घटाघटा प्यायला, आणि कपाळावरचा घाम पुसला.

"ती भुकटी कुणाच्या पोटात गेली तर तो मरेल," तो म्हणाला.

२

परदेशातल्या त्या संग्रहालयाने किगांगोला कीड लागू नये म्हणून तो विषात मुरवला होता. एकदा नव्हे, दर काही वर्षांनी. परत देताना त्यांच्याच एका बाईंनी न्झाईला बाजूला घेऊन सांगितलं होतं: हातमोजे घाला, नखात गेलं तर साबणाने धुवा.

जुम्वाने नकळत स्वतःचे हात मागे घेतले. "आणि हे तुम्ही गावाला सांगितलंत?"

"सांगितलं की. हात लावू नका म्हणून सांगितलं."

"तुम्ही कुठल्या वस्तूला हात लावू देता? मी शाळेत असताना त्या दारातल्या केरसुणीला हात लावला तर माझा कान पिरगळला होतात. ती केरसुणी प्रदर्शनातली आहे म्हणून."

"तेच तर," न्झाई म्हणाला. "मी बोललो, लोकांनी ऐकलं, आणि नेहमीचंच समजून सोडून दिलं."

"कारण काय दिलंत?"

त्याने तांब्याचं तोंड पुसलं. मग म्हणाला, "औषध लावलंय, असं म्हटलं."

जुम्वाने कपाळाला हात लावला. आपला गिर्यामा माणूस तापावर घेतो ते औषध, कपाशीवर फवारतो तेही औषध, आणि वैदू दंडाला बांधतो तेही औषधच. विषाला वेगळा शब्द नाही असं नाही. आहे, चांगला जुना शब्द आहे.

"राजधानीहून आलेल्या साहेबाने बजावलं होतं," न्झाई म्हणाला. "विष म्हणू नका म्हणे. यांच्या पूर्वजाला विष पाजलं अशी बोंब होईल, समारंभावर पाणी पडेल. औषध म्हणा, खोटंही नाही ते."

"कुणाकुणाशी बोललात?"

"म्वांबिरे म्हाताऱ्याशी. तो कायाच्या, आपल्या पवित्र वनाच्या पंचांपैकी, त्याला सांगणं भाग होतं. थोयाच्या नातीशी, काड्झोशी. ती दर शुक्रवारी येऊन बसते त्याच्याजवळ. आणि तो साफारी मेंझा मागे उभा राहून ऐकत होता. त्याला कोण हाकलणार?"

साफारी मेंझा म्हणजे किगांगो चोरून विकल्याबद्दल आत जाऊन आलेला. जुम्वाने पुन्हा वाकून खरवडलेला भाग पाहिला. कडा मळकट होत्या, मधला भाग ताजा पिवळा.

"हे एका दिवसाचं काम नाही," ती म्हणाली. "कोणीतरी येतंय, थोडं थोडं नेतंय. तुमच्या नाकाखालून. तुम्हाला आजच कसं दिसलं?"

"भिंतीला ओल आली म्हणून फळी फिरवली. एरवी पाठ भिंतीकडेच असते."

बाहेर आंब्याखाली शिपायाने मेलेली कोंबडी पायाला धरून उचलली. "टाकून दे लांब," न्झाई खिडकीतून म्हणाला. "मानमोडी आलीय. परवाही एक गेली." त्याने शेजारचा जेवणाचा डबा झाकून सरकवला. नारळाच्या दुधातली तूर अर्धीअधिक तशीच होती.

"जेवला नाहीत?"

"दोन घास गेले की पोट फिरतं. काळजीने. उरलंसुरलं कोंबड्यांना घालतो." तो उठला, आणि सपाता फरफटवत दारापर्यंत आला. बूट त्याला हल्ली सोसत नव्हते, पायांना मुंग्या येतात म्हणाला. "अफांडे, ज्याने नेलं तो चोर नसेल. कुणीतरी आजारी आहे कुठेतरी, आणि त्याला ते पाजतायत. तुम्ही आधी त्या माणसाला शोधा."

३

साफारी मेंझा हमरस्त्यावर पर्यटकांना लाकडी जिराफ विकत बसला होता. जुम्वाला पाहून त्याने दोन्ही हात पुढे केले.

"घाला बेड्या. म्बुयुनीत लाकूड हललं की साफारीने हलवलं. वाऱ्याने झाड पडलं तरी माझ्याकडेच या."

"पायाशी खरवडलंय, पाठीमागून. गिऱ्हाइकाला जुनेपणाचा पुरावा हवा असेल."

"किती खोल?"

"नखाएवढंही नाही. वरवर, पण रुंद."

साफारी हसला, मग त्याचं हसू ओसरलं. धंद्यातली गोष्ट निघाली की तो गंभीर होई. "अफांडे, लाकडाचं वय बघायचं तर बारीक भोक पाडतात, खोल, जिथे दिसणार नाही तिथे. वरचा थर खरवडला तर त्या फळीची रयाच गेली. मी चोर असेन, गाढव नाही."

"मग वरचा थर कुणाला लागतो?"

"ज्याला लाकूड नकोय त्याला," साफारी म्हणाला. "लाकडावर जे आहे ते हवंय त्याला."

त्याचं हे बोलणं डोक्यात घोळवतच जुम्वा टेकडी चढून म्वांबिरेच्या अंगणात आली. म्हातारा भोपळ्यातल्या ताडीत नळी खुपसून बसला होता. तिने सगळं सांगितलं, विष सोडून.

"ताडी सांडली होती का तिथे?"

"नाही, मझे. मुंगीही नव्हती."

"मग आमच्यातल्या कुणी थोयाकडे मागायला गेलेला नाही. पूर्वजाकडे काही मागायचं तर आधी त्याला पाजायचं, मग तोंड उघडायचं. न पाजता, न बोलता पाय खरवडायचे? हे दुकानातून पुडी उचलल्यासारखं झालं." त्याने जमिनीवर थेंबभर ताडी सांडली, थोयासाठी असावी. "पोरी, त्याला मातीत रोवा म्हणून मी किती वेळा सांगितलं. कुठेही रोवा. वाळवी लागेल, पावसात कुजेल, मग तो सुटेल. तुमच्या त्या संग्रहालयवाल्यांना तो टिकवायचाय. कशाला? आम्ही कुठे टिकतोय?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. जुम्वाने विषाचं सांगितलं. म्हाताऱ्याने नळी ताडीतून बाहेर काढली.

"म्हणजे आता रोवला," तो म्हणाला, "तरी वाळवी त्याला खाणार नाही?"

"नाही, मझे."

त्याने ताडीचा भोपळा बाजूला ठेवला. ती उठली, तेवढ्यात तो सहज म्हणाला, "काड्झोचं पोर आजारी आहे. हगवण. काहीतरी पांढरी पूड पाजतेय म्हणतात."

टेकडी उतरताना जुम्वा धावत होती.

४

काड्झो चुलीपाशी होती. मांडीवर पोर, हातात वाटी, वाटीत पांढुरकं पाणी. जुम्वाने वाटी हिसकावून घेतली आणि वास घेतला. आंबूस, ओळखीचा. गोरखचिंचेचा गर. प्रत्येक आई पोट बिघडल्यावर देते तोच.

"प्या ना," काड्झो म्हणाली. "पोलिसांनाही हगवण लागते."

जुम्वा खालीच बसली. का आली ते ऐकल्यावर काड्झो उसळली.

"मी माझ्या पोराला आजोबा खरवडून घालू? मी तिथे धूळ पुसायला जाते, अफांडे. त्याच्याशी बोलायला जाते. पट्ट्यासुद्धा मी बांधलेल्या आहेत. आणि तुमचा न्झाई मला म्हणतो, लांब बस, औषध लावलंय. मला वाटलं, गोऱ्यांनी त्याला बांधून ठेवलंय, घरी यायला नको म्हणून."

"तुला तिथे कधी कुणी दिसलं?"

"कोण दिसणार? दुपारी न्झाई आंब्याखाली घोरत असतो, किल्ल्या खिळ्यावर, दार सताड." ती जरा थांबली. "एक मात्र झालं. बाहेरच्या दालनात ती जुन्या घरातली भांडी आहेत ना, त्यातल्या खवणीचा गंज गेलेला. दात लखलखीत. मी न्झाईला म्हटलंही, अखेर लाज वाटली वाटतं भांडी घासायची. तो म्हणाला, मी नाही घासली."

जुम्वा पोराचं कपाळ चाचपून उठली. ताप नव्हता. निदान हे पोर त्यातलं नव्हतं. पण मग कुठेतरी दुसरं कुणीतरी होतं, आणि त्याच्या पोटात रोज चिमूट चिमूट जात होती.

५

खवणी तशी साधीच होती. बसायला बुटकी घडवंची, पुढे लोखंडी जीभ, जिभेला दात. जुम्वाने न्झाईचे हातमोजे चढवले, किगांगो आडवा करून आणला, आणि दातांजवळ धरला. खरवडलेल्या जागेतल्या बारीक समांतर रेघा दातांशी तंतोतंत जुळल्या.

कुणीतरी या घडवंचीवर बसून थोया वा बायाचे पाय नारळासारखे खवले होते.

ती तिथेच जमिनीवर बसली आणि मनाशी जुळवू लागली. आपल्याकडे पुरुष खवणीवर बसत नाही. बसला तर वर्षभर गाव चिडवतं. म्हणजे बाई. फळी फिरवत फिरवत सारखा हात चालवलेला, कुठे खड्डा नाही, म्हणजे आयुष्यभर नारळ खवलेली. ताडी ओतली नाही, म्हणजे थोया तिचा कोणी लागत नव्हता. त्याच्याकडे तिचं मागणंच नव्हतं. वरचाच थर नेला, म्हणजे तिला लाकूड नको होतं, लावलेलं औषध हवं होतं. ते लावलंय हे तिला ठाऊक होतं. आणि रोज भर दुपारी ती इथे येई, तरी तिला पाहिल्याचं कुणाच्या लक्षातही राहत नव्हतं, कारण तिचं येणं ठरलेलंच होतं.

आंब्याखाली कोंबड्या उकरत होत्या. परवा एक गेली, आज एक. मानमोडी असती तर एव्हाना सगळ्यांच्या माना मोडल्या असत्या. मेल्या त्या डब्यातलं उरलंसुरलं टिपणाऱ्या.

जुम्वा बाहेर आली. न्झाई झाडाला टेकून पाय चोळत होता.

"मझे," ती म्हणाली, "डबा कोण आणतं?"

"म्बेयू. बायकोशिवाय कोण आणणार या उन्हात?"

"त्या औषधाचं घरी बोललात?"

"घरी काय, सगळंच बोलतो माणूस. समारंभाच्या दिवशी जेवताना सांगितलं. म्हटलं, असं जालीम औषध लावलंय की साठ वर्षांत एक किडा—"

त्याचा हात पायावरच थांबला. त्याने डब्याकडे पाहिलं, मग कोंबड्यांकडे.

"मीच तुम्हाला म्हटलं ना सकाळी," तो म्हणाला, "आधी त्या माणसाला शोधा म्हणून."

६

म्बेयू अंगणात तूर निवडत होती. ठेंगणी, गोल चेहऱ्याची बाई. जुम्वाला पाहून तिने चटई झटकली.

"ये बाळा, बैस. न्झाईने पाठवलं? त्याला बरं नाही का वाटत?"

"त्याला इस्पितळात नेलंय, हावे," आजीला हाक मारावी तसं जुम्वा म्हणाली. "तुम्ही त्याच्या डब्यात काय घालता?"

म्बेयूने लपवलं नाही. ती आत गेली, चहाच्या पत्तीचा डबा आणला, आणि झाकण उघडून दाखवला. तळाशी करडी भुकटी होती.

"पाप झालं असेल तर माझं. चर्चमधल्या बायांना सांगू नको. पण मी त्या थोयाकडे काही मागायला गेले नव्हते हो, देवाशपथ. मी गोऱ्यांचं औषध तेवढं घेतलं." तिने झाकण लावलं. "गेलं वर्षभर तो वाळत चाललाय. डॉक्टर म्हणाला साखर, दुसरा म्हणाला छाती, पाळकांनी डोक्यावर हात ठेवला, वैदूची पाळंमुळं झाली. काही लागू पडेना. मग तो म्हणाला, लाकडाला असं औषध लावलंय की साठ वर्षांत सडलं नाही. मी रात्रभर विचार केला. लाकडाला देतात, आणि माझ्या माणसाला नाही?"

"किती घालत होतात?"

"चिमूटभर. कडू लागू नये म्हणून नारळ जास्त घालायचे. आधी ओकारी झाली तेव्हा घाबरले, पण म्हटलं, जालीम औषध आहे, पोटातली घाण काढत असेल." तिने जुम्वाच्या हाताला हात लावला. "आता इस्पितळातही देतील ना तेच? तो बरा होईल ना?"

जुम्वाने डबा जप्त केला. तेवढंच तिला करता येत होतं.

७

डॉक्टरने उतारा मोंबासाहून मागवला होता. आला तर जीव वाचेल, म्हणाला, पायांचं मात्र सांगता येत नाही. ते तो तिसऱ्यांदा म्हणत होता, आणि दर वेळी खिडकीबाहेर बघत होता.

न्झाई डोळे उघडे ठेवून पडला होता. "तिला सांगितलंत?"

"अजून नाही."

"सांगू नका. भुकटीसाठी कलम नाही म्हणाला होतात ना."

"तेव्हा कोणी खाल्लीय हे ठाऊक नव्हतं, मझे. आता जबाब घ्यावाच लागेल."

"मग कुणाकुणाचा घ्याल? शिंपडणाऱ्यांचा? औषध म्हणा म्हणणाऱ्या साहेबाचा? की औषध म्हटलं त्या माझा?" तो भिंतीकडे वळला. "तीस वर्षं मी जपून ठेवायचं काम केलं. हात लावू नका, हात लावू नका. एकदाच घरी जाऊन चार शब्द बोललो."

साहेब राजधानीत होता, शिंपडणारे समुद्रापलीकडे, त्यातले निम्मे केव्हाच मेलेले. हाताशी होती ती एकटी म्बेयू.

आणि ती दारातच उभी होती, डोक्यावर चर्चचा रुमाल, हातात डबा. खाटेपाशी येऊन तिने नवऱ्याच्या पायांवरून हात फिरवला. त्याला तो स्पर्श कळला नाही, तो तसाच भिंतीकडे पाहत राहिला.

"आज नुसतीच तूर आहे," ती जुम्वाला हळूच म्हणाली. "तू भुकटी नेलीस ना. बघ कसा उतरलाय एका दिवसात. थोडं तरी परत दे, बाळा. मी कुणाला सांगणार नाही."

आता बोलायलाच हवं होतं. जुम्वाने तिला खाटेच्या कडेला बसवलं आणि तो जुना, चांगला शब्द उच्चारला, जो समारंभात कुणी उच्चारला नव्हता.

"ते औषध नव्हतं, हावे. विष होतं."

म्बेयूने तिच्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे, मग पुन्हा तिच्याकडे. भुकटी परत द्यायची नाही म्हणून जुम्वा आपली समजूत घालतेय, असंच तिला वाटत होतं.

"विष कसं असेल?" ती म्हणाली. "मग ते लाकूड एवढी वर्षं टिकलं कसं?"

न्झाईने भिंतीकडे तोंड ठेवूनच हात मागे केला, चाचपत चाचपत तिचा हात शोधला, आणि म्हणाला, "डबा उघड, भूक लागलीय."